पी. पी. नंबर

एक चालतोय ना, मग दुसरा कशाला,
हा किरीटभाईंचा पहिला प्रश्न.
मकरपुरा जीआयडीसीत त्यांचा व्हॉल्व्ह
सव्वीस वर्षांत एकदाही गळला नाही,
आणि मेल सर्व्हर गेल्या मंगळवारी
पाच तास आडवा.
तशी पत्रं थोडं थांबून पुन्हा दार वाजवतात.
मस्कतचं नाही आलं.
ते सोडा, किरीटभाई म्हणाले
आणि चहा मागवला,
म्हणजे सोडलेलं नव्हतं.

दुसरा मी रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये ठेवला,
वजनकाट्याच्या खोलीत, वेगळ्या कंपनीच्या लाइनवर.
एकाच तारेवर दोघे बसवले
तर दोघे एकदमच मरतात.
मग नोंद केली : पहिल्याला दहा, दुसऱ्याला वीस.
लहान आकड्याला मोठा मान,
हे दोनदा सांगावं लागलं.
दहा उठला नाही तरच वीसला हाक.
वीसने पत्र घ्यायचं, ठेवायचं,
आणि दर पंधरा मिनिटांनी दहाच्या दारात जाऊन बघायचं,
आला का हा.

बाबांच्या कार्डावर, टाइपरायटर दुरुस्ती, दांडिया बाजार,
फोनचे आकडे होते
आणि पुढे बारीक अक्षरात पी. पी.
फोन आमचा नव्हताच. समोरच्या विलासबेनचा.
त्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवायच्या :
कोर्टवाळा, रिबन, काले सवारे.
बाबा दर वेळी गॅलरीतून विचारायचे,
गेलेला काल की येणारा?

वीसलाही नावांची यादी द्यावी लागते,
एकेचाळीस माणसं.
नाहीतर नोकरी सोडून गेलेल्यांचीही पत्रं
तो इमानाने घेत बसतो.
आणि कुलूप पहिल्याइतकंच जड,
कारण चोराला ठाऊक असतं,
मागच्या दाराशी सहसा कोणी जागं नसतं.
एवढं करेपर्यंत साडेनऊ झाले.

एकदा रात्री विलासबेन स्वतःच आल्या.
आम्ही जेवायला बसलेलो,
बाबांच्या भातावर नुकतंच वरण पडलेलं.
म्हणाल्या, जरा मीठुं जोईतुं'तुं.

दिवेलागणीनंतर मीठ कोणी मागत नाही.
आईने त्यांच्याकडे पाहिलं,
मग बाबांना विचारलं, ताक वाढू?
बाबांनी मागचा भात घेतला, ताक घेतलं,
कुठल्याशा रेमिंग्टनच्या अडकलेल्या 'ळ'बद्दल बोलत राहिले.
विलासबेन रिकामी वाटी धरून उंबऱ्यात.
बाबांचे हात धुऊन झाले, पुसून झाले,
तेव्हा म्हणाल्या,
नवसारीहून फोन होता.

नवसारीला काका होते.

सेटिंगच्या पानावर वेळ लिहिता येते,
पत्राचं वजन, किती खेपा, किती दिवस.
जेवून होऊ दे, असा रकाना नाही.
मी पंधरा मिनिटं लिहिली.

मग दहाची तार उपटली
आणि किरीटभाईंना माझ्या फोनवरून पत्र धाडलं.
त्यांच्या पडद्यावर काही नाही.
आलं नाही, ते म्हणाले.
आलंय, तिकडे थांबलंय.
तार परत जोडली. आम्ही दोघं बसून राहिलो,
पंख्याचा आवाज, बाहेर वॉचमनचा रेडिओ,
अकरा मिनिटं, बारा,
तेराव्याला टिंग.

शेवटी यंत्राला नाव द्यायचं असतं.
दहाचं आधीपासून लक्ष्मी.
मी वीसच्या पुढे विलास लिहिलं.
किरीटभाईंनी चष्मा कपाळावर सारून वाचलं,
विलास? एवढ्याशा डब्याचा?
आणि वीजबिल महिन्याला कितीने वाढेल
ते विचारलं.