झडती

अप्पा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते.
दिवसभर नोटांच्या कोऱ्या थप्प्या मोजायच्या
आणि भोंगा झाला की गेटवर हात वर करून उभं राहायचं.
खिसे, डबा, चपला, कधी कधी टोपीसुद्धा.
घरी यायचे ते बोटांना शाईचा वास घेऊन.
आम्ही भावंडं तो वास हुंगायचो
आणि तेवढ्यापुरते श्रीमंत व्हायचो.

माझ्या वॉर्डाच्या दाराशी कुणी झडती घेत नाही.
रात्रपाळी संपवून मी सरळ बाहेर पडते.
पर्समध्ये रिकामा डबा, कंगवा,
शालिमारहून घरापर्यंतच्या बसची चिल्लर.
बाकीचं सगळं आत.
कुणाच्या केसपेपरवर काय लिहिलंय,
कोण रात्री तीनला कुणाचं नाव घेऊन रडलं,
आणि ते नाव नवऱ्याचं नव्हतं.

परवा दिवसपाळीला घडलं ते सांगते.
खाटेचा नंबर विचारू नका,
सांगितला तरी खोटा सांगेन.
राउंडला खैरनार डॉक्टर. माणूस चांगला,
पण आवाज असा की पिंपळगावला कांद्याचा लिलाव पुकारावा.
त्यांनी रिपोर्ट उघडला, श्वास घेतला.
दाराशी सासू, सासूमागे नणंद,
शेजारच्या खाटेवरची बाई कुशीवर वळलेली, कान टवकारून.
पडद्याला तीन हुक नाहीत.
मागणी लिहून वर्ष झालं, मी साडीची पिन लावते तिथे.
त्या पोरीनं माझ्याकडे बघितलं.
म्हणाली काहीच नाही.

माझ्या हातातून ट्रे पडला.
पडला म्हणजे, मी सोडला.
चिमटे, कात्री, स्टीलची वाटी,
सगळा वॉर्ड खणखणला, एक तान्हं दचकून रडायला लागलं
आणि डॉक्टरांचं वाक्य त्या आवाजात बुडून गेलं.
"सिस्टर, लक्ष कुठंय तुमचं?"
"सॉरी सर." खाली वाकून चिमटे गोळा करता करता
हळूच म्हटलं, "हे आत टेबलापाशी बोलूया का?"
त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग दाराकडे.
कान लाल झाले त्यांचे. फाइल मिटली.

संध्याकाळी जेलरोडला गांगुर्डेकाकू,
मेथीची जुडी उलटसुलट करत,
"आमच्या भाच्याची बायको तुझ्याच वॉर्डात ना गं?
काय निघालं? मी काय कुणाला सांगणारे?"
मी म्हटलं, मेथी कोवळी आहे काकू.
"अगं पण..."
दोन जुड्या घ्या.
आता त्या गल्लीभर म्हणतात,
सरकारी पगारानं पोरगी शिष्ट झाली.
होऊ दे.

तुम्हालाही वाटलं असेल, शेवटी सांगेल ही.
मलाही मोह होतो, खोटं कशाला बोलू.
बसमध्ये खिडकीशी डोकं टेकलं
की सगळं जिभेच्या टोकाशी येऊन बसतं.

अप्पांचं सांगते, ते घरचं आहे, माझं आहे.
त्यांना आता नातवंडांची नावं आठवत नाहीत.
पण संध्याकाळ झाली की उंबऱ्याशी जाऊन
हात वर करून उभे राहतात.
मी त्यांचे खिसे चाचपते.
काही नाही, म्हणते, जा.
मग ते माझी पर्स घेतात,
डबा उघडून बघतात, झाकणाच्या आतसुद्धा,
माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघतात.
काही नाही, म्हणतात.
जा.