खोडावरचा आकडा

एवारिस्तू निवृत्त झाला त्या दिवशी
कोरूशच्या आमच्या बुचाच्या कारखान्यात केक कापला,
हिशेबनीस उगाचच रडला,
आणि जाताजाता माझ्या टेबलावर एक वही पडली.
पाठीला चिकटपट्टी, पानोपानी वाइनचे गोल डाग.

मला वाटलं पत्ते असतील, दर, थकबाकी.
निघालं ते असं:
‘ओतो, माइन्झ. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. उजवीकडे बसणे.’
‘सौ. तिबो. मुलगा नापास. आत्ता विचारू नये. जूनमध्ये विचारावं.’
‘बोर्बाला, हंगेरी, टेकडीवरची. कुत्रीचं नाव बोड्झा.
फेब्रुवारीत लिहिणे. द्राक्षतोडणीत नको,
तेव्हा ती कुणाचीच नसते.’

मी नव्या दमाची. मी बेरीज मारली.
बोर्बाला: अकरा वर्षं, अकरा पत्रं,
नमुन्याच्या बुचांची अकरा पाकिटं.
खरेदी शून्य.

फोन लावला. तो टोमॅटोला पाणी घालत होता.
हा तर तगादा झाला, मी म्हणाले.
‘तगाद्यात आपलं काम सांगतात, पोरी.
मी तिला माझं काम कधी सांगितलंच नाही.’
मग नळी गळतेय म्हणाला
आणि ठेवून दिला.

मी तिच्या नावावर लाल रेघ ओढली.
दोनशे जणांना एकच मजकूर धाडला, एका दमात.
नावाची जागा यंत्र भरणार होतं.
एकाला ती रिकामीच गेली: ‘प्रिय’, आणि पुढे स्वल्पविराम.
उत्तरं चार आली.
त्यातली दोन, आमचं नाव काढून टाका, अशी.

एप्रिलात पोस्टकार्ड आलं,
मोडक्या जर्मनमध्ये, उताराला लागलेलं अक्षर.

‘एवारिस्तू महाशय, यंदा पत्र नाही.
आजारी पडलात की काय?
बोड्झा जानेवारीत गेली.
तुम्ही विचाराल तेव्हा सांगू म्हणून
थांबले होते.
बूच मी घेणार नाही. ते पहिल्याच वर्षी ठरलं होतं,
माझ्या बाटल्यांना पत्र्याची फिरकीची झाकणं आहेत.
सांगितलं असतं तर तुम्ही लिहायचं थांबवलं असतं.
तुमची बुचं बरणीत ठेवलीत.
चार डुगडुगत्या टेबलाखाली गेली, त्याबद्दल क्षमा.
खालच्या आळीतला गेर्गेय नवी बाग लावतोय.
त्याला तुमचा पत्ता दिलाय.
घाई करू नका. वेल अजून गुडघ्याएवढे आहेत.’

मी ते कार्ड खिशात घालून फिरले, आठवडाभर.
कुणाला दाखवलं नाही.

जूनमध्ये साल काढायला माणसं रानात गेली, मीही गेले.
सोललेली खोडं, ओल्या विटेच्या रंगाची,
आणि जुन्या खोडांवर पांढऱ्या रंगात एकेक आकडा:
मागच्या वेळी कुऱ्हाड लागली त्या सालाचा शेवटचा.
आठच्या झाडापाशी झेफेरीनू थांबला,
हाताच्या पालथ्या बाजूनं साल ठोकून बघितली, पुढे चालू लागला.
हे का सोडलं?
‘नऊ वर्षं भरली नाहीत.’
मग मधल्या वर्षांत?
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं कुणी जेवण झाल्यावर हात का धुता विचारावं.
‘येतो की. बघून जातो.’

रात्री वही उघडली.
लाल रेघ खोडरबरानं गेली नाही, कागद मात्र उसवला.
तिच्यावरूनच लिहिलं, माझ्या अक्षरात:
‘गेर्गेय. वेल लहान. तीन वर्षांनी.’
आणि त्याखाली:
‘बोर्बाला. कुत्री गेली.
दुसरी आणली का, हे यंदा विचारू नये.’

मग पत्र लिहायला घेतलं.
एवारिस्तू बरा आहे, टोमॅटो लावतो, एवढं जमलं.
मी कोण, हे कसं सांगावं
इथं पेन अडलं, बराच वेळ.
शेवटी विचारलं:
बोड्झा किती वर्षांची होती?