बाहीवरचा डाग

उंड्याची साल काढायची. आतला फक्त पांढरा.
तोही गाबरू पोदेराचाच; दुसऱ्याचा असला
तर तन्वेशला पिशवी न उघडताच कळतं.
एका कंपनीचं बिस्किट, अख्खं. तुटलेलं म्हणजे मेलेलं.
आणि पाणी, निळ्या पेल्यातलं.
सहा वर्षांच्या मुलाचा एवढाच संसार.

"उपाशी ठेवा, भूक लागली की मुकाट खाईल,"
जत्रेत भेटलेली प्रत्येक मावशी.
ठेवला. लाज वाटते, तरी सांगतो:
दीड दिवस.
त्याने काहीच मागितलं नाही.
फोंड्याच्या इस्पितळात सलाईन लावताना
नर्सने विचारलं, घरात जेवण नव्हतं का?
सुचेताच्या पिशवीत तेव्हा तीन डबे होते.

शनिवारी चारला कुर्टीच्या शाळेत, बालवाडीच्या वर्गात
आम्ही बसतो, गुडघे हनुवटीपाशी घेऊन,
एवढुशा खुर्च्यांवर नऊ घरं.
झुबेदाचा मुलगा फक्त कुरकुरीत खातो, आवाजासाठी.
ब्रेंडनला पिवळं चालतं. केळं मात्र नाही.
कार्मेलिन बाई कुणालाच उपदेश करत नाहीत.
एकदाच म्हणाल्या, ताटात नको, ताटाशेजारी ठेवा.
खा म्हणू नका. बघ म्हणू नका.
तुम्ही जेवा.

तर जेवलो. अकरा महिने.
मी कदंबाचा कंडक्टर, पहाटेची पणजी करून येतो,
खाकीतच बसतो पाटावर;
शेजारी वाटी, वाटीत चमचाभर हुमण.
चार महिने वाटी दिसली की तो खोलीबाहेर.
मग दारात.
मग माझ्या सुट्ट्या पैशांच्या बॅगेपलीकडे, बक्कल उघडमीट करत.

परवा त्याने वाटी ढकलली. बोटाला लागलं.
घाटात समोरून ट्रक यावा तसा मी श्वास रोखला.
तो ओरडला नाही.
बोट बघितलं, नाकाशी नेलं,
आणि माझ्या बाहीला पुसलं. सावकाश. दोनदा.

खाल्लं नाही. खोटं कशाला बोलू.

शनिवारी तोच शर्ट घालून गेलो.
डेपोत साहेब म्हणाले होते, धुवा हो तो, हळदीचा डाग.
वर्गात मी नुसता हात पुढे केला.
झुबेदा वाकून बघत राहिली. "तिरफळं घातली होती?"
आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत, पोरांना सोसत नाही.
सगळ्यांनी हात वर केले
आणि हवेत नुसते हलवले.

सुचेता तेवढी हात वर करायला विसरली.
ती माझी बाही हुंगत होती.