तेरडा उपटण्याचा शनिवार

हॅगवुड पार्कच्या खालच्या फाटकाशी
साडेनऊला जमतो आम्ही सातजण.
ग्लेनिस अर्नशॉ हातमोजे वाटते,
दरवेळी डाव्या हाताचेच जास्त निघतात.
शेफील्डचा हा उतार तिला पाढ्यासारखा पाठ.
ही खोलगट जागा, बीचच्या पानांनी भरलेली,
ती विहीर नव्हे, कोळशाची जुनी खाण.
एक माणूस दोरावरून आत उतरायचा,
घंटेसारखं पोट कोरायचा जमिनीला,
छत ढासळायच्या आत वर यायचा
आणि दहा पावलांवर दुसरी खणायला घ्यायचा.
आणि नाही आला वर, तर?
ग्लेनिस म्हणते, तर तिथला खड्डा जरा उथळ दिसतो.

तळं मागाहून आलं.
सुऱ्या-कात्र्यांच्या कारखानदाराने ओढा अडवला,
बायकोला हंस हवे होते म्हणून.
हंस टिकले नाहीत.
न बोलावता आला तो राखी बगळा,
शंभर वर्षं उभा आहे त्याच दगडावर.
म्हणजे तोच नव्हे,
पण दगड तोच, आणि कंटाळाही.

लढाईत कुंपणाच्या सळया कापून नेल्या.
कठड्यावर त्यांचे खुंट आहेत अजून,
शिसं ओतलेले, दाढेत चांदी भरावी तसे.
क्रिकेटच्या मैदानात बटाटे लावले होते.
ग्लेनिसच्या आईने ते आठव्या महिन्यापर्यंत खणले,
ग्लेनिस पोटात.
"मातीची चव मला आधी कळली, दुधाची नंतर."

मग एल्म गेले, दोन उन्हाळ्यांत सगळे.
सालीखाली किड्यांनी नक्षी कोरून ठेवली होती.
तिच्या दिवाणखान्यात एक तुकडा आहे, चौकटीत,
मारेकऱ्याचं हस्ताक्षर म्हणून जपलेला.

आणि आता ओढ्याकाठी हे गुलाबी:
माणसाहून उंच, पाणीदार देठांचं,
कुणा हौशीने हिमालयातून आणवलेलं बी
बागेच्या भिंतीवरून निसटलेलं.
शेंगेला बोट लागलं की फुटते.
हिवाळ्यात स्वतः मरतं, काठ उघडा टाकतं,
आणि पुराबरोबर माती जाते.
म्हणून उपटायचं.
खालून धरून, हळू, मुळासकट.

पहिल्याच दिवशी मी म्हणाले, अगंबाई, तेरडा!
सालेहने तो शब्द तोंडात घोळवला.
एडनहून येऊन चाळीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर काढलेली त्याने,
"डेर्डा" म्हणाला, आणि बरोबर वाटलं.
आमचा गुडघ्याएवढा असतो, मी सांगितलं,
रंग तीन दिवस टिकतो अशी त्याची ख्याती.
ग्लेनिस हसली.
इथे दीडशे वर्षं झाली, बाई, उतरायचं नाव नाही.

एक मात्र सांगितलं नाही.
भाद्रपदात गुहागरात माझी थोरली जाऊ
हा असाच उपटते, खालून धरून, हळू,
एक तंतू तुटू देत नाही.
पाणवठ्यावर मुळं धुते,
मुकाट्याने घरी आणते, मागे न बघता.
उंबऱ्यात तिच्या पायांवर दूधपाणी घालतात.
त्याला साडी नेसवतात, मुखवटा चढवतात,
भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतात,
आणि तिसऱ्या दिवशी ओढ्यात सोडतात.

आजची तिथी मी पाहिली नव्हती.
एक रोप अख्खं आलं हातात,
तांबूस पेरं, पांढरी मुळं, चिखल.
वाकून पाण्यात हलवत राहिले.
"धुतेस कशाला? कुजवायचंच तर आहे."
मी म्हणाले, हात भरले होते.

ढीग ताडपत्रीवर रचला.
बगळ्याने पाय बदलला.
पुढच्या शनिवारी वरच्या पुलापासून.