सात नंबरची किल्ली

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
मी सात नंबरचं कुलूप उघडते.
तीन जिने, लिफ्ट नाही;
तुम्ही गेलात त्याचं हेही एक कारण, कुंदाताई.
स्वयंपाकघरातला नळ आधी खोकतो,
मग लाल पाणी थुंकतो,
मग शहाण्यासारखा वाहू लागतो.
तोवर मी खिडक्या उघडते, तळजाईकडचा वारा आत घेते,
दाराखालून आलेलं विजेचं बिल उचलते:
वापर शून्य, स्थिर आकार मात्र भरायचाच.

चिआंग मायहून तुमचा फोन.
"वहिनी, बेसिनखाली ओल नाही ना?"
मागे कुणाचा तरी कोंबडा आरवतो,
रंगनाथराव टोपी घालून पपईला पाणी घालत असतात.
खडकीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं
दारूगोळ्याचा हिशेब ठेवलेला माणूस.

व्हिसा निवृत्तांचा, एकेका वर्षाचा.
काम करायचं नाही, ही अट वाचून ते म्हणाले होते,
"हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी लेखी दिलं."
आठ लाख बाट बँकेत ठेवायचे,
नैवेद्यासारखे, झाकून, हात न लावता.
दर नव्वद दिवसांनी जाऊन सांगायचं
की आहोत तिथेच आहोत.
आणि नोव्हेंबरात इथे येऊन
अरण्येश्वरच्या बँकेत अंगठा टेकवायचा
की आहोत.
मी चेष्टा करायचे,
एवढी हजेरी तर शाळेतही नव्हती.

"आणि पुढच्या वर्षी नाही दिला तर?"
हे मी एकदाच विचारलं.
"किल्ली आहे की तुमच्याकडे," तुम्ही म्हणालात.
तेव्हापासून माझ्या जुडग्यात
तीच एक जड लागते.

ऑगस्टात रंगनाथराव गेले.
झोपेत. पपईला पाणी घालून झालं होतं.
व्हिसा त्यांच्या नावावर,
तुमचा त्याला टाचलेला,
रेशनकार्डावर खाली खाली नावं असतात तसा.
वरचं नाव गेलं, खालचंही गेलं.
काउंटरवरच्या मुलीनं हात जोडून, मान लववून सांगितलं.
"इतक्या अदबीनं मला कुणी घालवून दिलं नव्हतं, वहिनी."

एक बॅग घेऊन तुम्ही माझी बेल वाजवलीत,
स्वतःच्या घराची किल्ली मागायला.
वर आलो, कुलूप मीच काढलं,
आणि तुम्ही उंबऱ्याबाहेर चपला काढून विचारलंत,
"येऊ का?"

बँकेतल्या पोरानं मृत्यूचा दाखला उलटा धरला.
थाई अक्षरं, त्याचा काय दोष.
तुम्ही हात पुढे करून कागद सुलटा केलात,
एका ओळीवर बोट ठेवलंत.
"हे त्यांचं नाव.
एवढं मला वाचता येतं."

दिवाळीनंतर तुम्ही एफड्या मोडायला काढल्या.
सोसायटीत कुजबुज: आता एकटीनं कशाला?
तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत.
फक्त एकदा, जिन्यात दिवे गेले तेव्हा,
दुसऱ्या मजल्यावर टेकून म्हणालात,
"शेजारी नोई आहे. तिथली किल्ली तिच्याकडे असते.
रोज पाणी घालत असेल झाडाला."
अंधार होता ते बरं.
मला आजवर वाटत होतं
किल्लीवाली मी एकटीच.

फेब्रुवारीत शिक्का मिळाला,
तुमच्या नावाचा, पुन्हा एका वर्षाचा.
निघताना किल्ली माझ्या हातात ठेवलीत,
मूठ मिटवलीत, वरून दाबलीत.
मी विचारलं नाही या वेळी काही.

आज पहिला रविवार.
तीन जिने चढले, खिडक्या उघडल्या.
ओट्यावर थाई चहाचा डबा राहिलाय, अर्धा.
नळ खोकला, पण थोडाच;
लाल पाणी भांडंभरसुद्धा आलं नाही.
बंद करायचा होता.
मी तो जरा वेळ तसाच वाहू दिला.