मतदान अधिकारी क्रमांक दोन

मतदानाच्या आदल्या रात्री
जिवतीच्या वरच्या एका गुड्यावर, शाळेच्या खोलीत
आम्ही चौघं, आणि ब्रेडचा एक पुडा.
शब्बीरभाईनं गडचांदूरहून घेतलेला,
जीपच्या काचेमागं उन्हात बसून आलेला.
सोबत बटर. म्हणजे तोवर
एक पिवळी पिशवी,
दाबली की इकडून तिकडं पळणारी.

जुमनाके बाई म्हणाल्या, बटर म्हंजे
च्यात बुडवाचा थोच नं?
याचं तं पाणी झालं.
मग स्वतःच हसल्या.

चाकू कोणाजवळच नव्हता.
सरकारी पेटीत लाख होती, मेणबत्ती, दोरा, सुई,
आणि स्टीलची एक पट्टी.
येरगुडे सरांनी ती तीनदा धुतली,
दुपट्ट्यानं पुसली,
आणि केंद्राध्यक्ष या नात्यानं
पहिला ब्रेड स्वतः लावला.

सर कृषी खात्यातले.
चारही कोपरे गाठल्याशिवाय पट्टी उचलेनात.
धुऱ्यापर्यंत पेरा पाहिजे, म्हणाले,
पडीत ठेवून काय कामाचं?
शब्बीरभाईला हे पटेना. त्यानं मधोमध
रुपयाएवढा थेंब सोडला,
वर दुसरा ब्रेड, वर तळहात.
जाते ना सर ते आपल्या रस्त्यानं,
आपण कायले स्टेअरिंग धरावं?

बाईंनी पिशवीतून जवसाची चटणी काढली.
आता भांडण क्रमाचं.
सर म्हणत, आधी बटर, म्हणजे चटणी चिकटते.
बाई म्हणत, आधी चटणी,
नाही तं तिखट जिभेले भेटतच नाही,
कुठंतरी तेलात पोहत राह्यते.
बल्बाभोवती किडे. बाहेर हातपंप
कोणीतरी हापसत होतं, मग थांबलं.

माझी पाळी आली.
मी ब्रेड मिटला, आणि बटर बाहेरून लावलं.

बाहेरून?
सरांचा आवाज मॉक पोलमध्ये
एक मत जास्त निघाल्यासारखा.
कारण सांगता येईना. बोटांना लागतं, म्हटलं,
मग बोटं चाटता येतात.
शब्बीरभाईनं मान फिरवली.
बाईच म्हणाल्या शेवटी,
भाकरीले तरी आतून कुठं लावतो आपण?
भाकरीले आत असते का?
सर बराच वेळ गप्प.
मग पट्टी माझ्याकडं सरकवली,
अजून एक करा, बघू.

सकाळी सातला मी शाईची बाटली उघडली.
डाव्या हाताची तर्जनी,
नखाच्या वरून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ.
नियम एवढाच. पण माणसं काय नियमानं येतात?
एकीनं बोट आधी पदराला पुसलं,
एकानं असं धरलं, जसं विंचू दाखवतोय.
थोडीशीच लाव बापू, नवरी आहे घरात.
आणि एक म्हातारा, पूर्ण पेर पुढं करून,
भरून लाव, तुह्या घरची आहे का?
मी कोणाला थोडी लावली, कोणाला भरून.
हे कुठं लिहायचं नसतं.

दुपारी शब्बीरभाई ड्यूटीचं प्रमाणपत्र घेऊन रांगेत.
नाश्त्याला उरलेला पुडा त्यानंच संपवलेला.
शाई त्याच्या बोटावरून घसरली,
थेंब होऊन टेबलावर पडली.
आधी पुसा, मी म्हणालो.
आतूनच लावलं होतं भाई, तो म्हणाला,
अल्लाकसम, आतूनच.
येरगुडे सर रजिस्टरात तोंड घालून
खांदे हलवत होते.

रात्री दीडला साहित्य जमा.
लाख, हजर. दोरा, हजर. सुई, हजर.
पट्टी कारकुनाच्या हातून सुळकन निसटली,
फरशीवर वाजली.
त्यानं उचलली, नाकाजवळ नेली,
आमच्याकडं एकेकाकडं बघितलं.
जुमनाके बाई छताकडं बघत होत्या.

हजर, तो म्हणाला,
आणि खूण केली.