मालकाकडून थेट

एजंटबाई टाचा वाजवत आली, खोल्या मोजून गेली.
म्हणाली, तीन महिने धरा, आणि शेकड्याला चार.
मी वीजबिलाच्या पाठीवर गणित मांडलं:
शेकड्याला चार म्हणजे
थेल्मामावशीचे वृद्धाश्रमातले दहा आठवडे,
अंघोळ, गोळ्या, संध्याकाळचं सूप धरून.
म्हटलं, नको. मीच विकतो.

प्लायवूडचा तुकडा, डब्यात उरलेला निळा रंग.
'घर विकणे आहे. मालकाकडून थेट.'
'थेट'पाशी जागा संपली,
शेवटचा ट कुंपणाच्या खांबावर गेला.
ब्लफच्या वाऱ्याने पहिल्याच रात्री पाटी आडवी केली.
इथे दक्षिणेचा वारा बर्फावरून येतो,
त्याला कुणाच्या घरादाराशी घेणंदेणं नाही.

शनिवारच्या पेपरात चार ओळी:
दोन बेडरूम, कोरडं घर, सफरचंदाचं एक झाड,
स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो.
खाली माझा नंबर.

रविवारी कोणी नाही. सोमवारी एक गृहस्थ,
भिंतींवर बोटाने टकटक करत फिरले,
'कळवतो' म्हणाले, ते कळवतच आहेत.
मंगळवारी सकाळी सातला फोन.
"ते ब्लफचं घर अजून आहे का हो?"
आवाज असा, की मी पायरीवर बसलो.
"आहे."
"मी सध्या एका ठिकाणी तात्पुरती राहते.
माणसं बरी आहेत, पण चहा पाणचट.
मला आपलं स्वतःचं घर हवंय."

काय बोलणार? फोन कानाला धरून
मी तिला घर दाखवायला निघालो.
"दार हिवाळ्यात फुगत असेल."
फुगतं, म्हटलं. खांदा लावावा लागतो.
"मग तसं छापावं माणसाने.
आणि कोरडं कसलं? मागच्या खोलीत ओल असणारच,
डाव्या कोपऱ्यात."
होती. कपाट सरकवून मीच ती झाकली होती.
"समुद्राचंही तसंच. स्टुलावर चढल्याशिवाय
तिथून काही दिसायचं नाही.
आमची बोट यायची वेळ झाली की मी चढायचे,
हातात पोळी उलटायचा झारा तसाच...
ते घर वेगळं, अर्थात."

मग भाव. नऊ हजार डॉलर, वर एक सेंट नाही.
एकाहत्तर साली काकांनी तेवढेच मोजले होते.
मी म्हटलं, थोडं वर या ना.
"झाडासकट साडेनऊ. विचार करा."
मागे कुणीतरी तिला नाश्त्याला हाक मारली.

पुढच्या शनिवारी मी जाहिरात बदलली.
दार अडकतं. डाव्या कोपऱ्यात ओल. समुद्र स्टुलावरून.
रोवीना म्हणाली, घर विकतोयस की कबुलीजबाब देतोयस?
गावातले चारदोन जण फोन करून हसलेही.

मेरेआना आली ती गमबूट घालूनच,
कालवं सोलण्याच्या शेडमधून थेट,
बोटांवर पट्ट्या, सोबत न बोलणारा आजा.
आधी ओल दाखवा, म्हणाली.
तळवा टेकवून उभी राहिली बराच वेळ,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी.
आज्याने तोवर स्टूल ओढलं, वर चढला,
आणि उतरायचं नावच घेईना.
"हे घरासोबत मिळतं?" तिने विचारलं.

वकिलाच्या यादीत म्हणून असं आहे:
पडदे सहा. शेगडी एक. स्टूल, लाकडी, एक.

गुरुवारी पुन्हा फोन. "गेलं का हो घर?"
"गेलं. दुसऱ्यांनी जास्त दिले."
"किती?"
आकडा सांगितला.
पलीकडे शांतता; मग हसू, खोकल्यात मिसळलेलं.
"इतके? लुटलंत की त्यांना."
मी निरोप घेणार, तेवढ्यात,
"ऐका. त्या बाईला सांगा,
दाराला खांदा नाही लावायचा.
गुडघा. कडीच्या वीतभर खाली."